तपासणीचा पाहुणचार

शोभाताईंना मागेपुढे कुणी नव्हतं. इतवारीच्या बाजारात मिरचीची देठं खुडून पोट भरायचं, आणि शुगरच्या गोळ्या निराधार योजनेच्या पगारावर. सरकारकडून दरमहा मिळणाऱ्या त्या पैशांना वस्तीत सगळे पगारच म्हणत. यंदा सरकारला शंका आली, की खाऊनपिऊन सुखी माणसंही या यादीत घुसली असावीत. म्हणून घरोघरी तपासणी लागली.

तपासणी म्हणजे आपली गरिबी नीट मांडून दाखवायची, एवढं कुणालाही कळतं. शोभाताईंना नाही कळलं. त्यांना एवढंच दिसलं, की मे महिन्याच्या उन्हात कुणाची तरी लेक आपल्या दारी येणार. झालं, शेजारच्या मिनलचा कूलर आला, सोनेरी काठाचे कप आले, रुपराव टेलरच्या दोन खुर्च्या आल्या.

तपासणीला आलेल्या वेदिका मॅडम कूलरसमोर खुर्चीत टेकल्या आणि फॉर्म भरू लागल्या. "कूलर आहे. खुर्च्या दोन. आजी, तुमचं तर छान चाललंय."

शोभाताईंनी मागून आणलंय म्हणावं तर पाहुण्यासमोर नाक कापलं जाणार, न म्हणावं तर गोळ्या बंद. त्यांनी सोनेरी काठाचा कप मॅडमपुढे केला. मूर्खपणाच तो, पण असल्या मूर्खपणावरच त्यांनी जन्मभर मान ताठ ठेवली होती.

तेवढ्यात रुपराव दारात उभे. "शोभाबाई, एक खुर्ची नेतो वं. गिऱ्हाईक कधीचं उभं राहून राहिलं."

मॅडमचं पेन थांबलं. "ही खुर्ची यांची?"

"दोन्ही त्याच्याच," शोभाताई खाली बघत म्हणाल्या. "कूलर मिनलचा, कप बी तिचेच. तुम्ही उन्हातून येणार, तुमाले खाली कशी बसवू? माह्या घरी चटईशिवाय काही नाही."

मॅडम उठल्या, खुर्ची रुपरावांच्या हाती दिली आणि चटईवर मांडी घालून बसल्या. कूलर खोडला, खुर्च्या खोडल्या, खाली 'पात्र' लिहून सही केली. "पगार चालू राहील, आजी."

शोभाताईंचा जीव भांड्यात पडला. पदरानं डोळे पुसत त्या लगबगीनं उठल्या. "आता जेवल्याबिगर जाऊ देत नाही. बसा, मिनलकडून ताट आणतो."

"ताट तुमच्याच घरचं पाहिजे," मॅडम म्हणाल्या. "नाहीतर मला पुन्हा खोडाखोड करावी लागेल."