बन्सीच्या नावाआधी

“वडलांच्या नावाआधी श्री. लावू का कै.?” छापखानेवाल्यानं विचारलं, आणि वच्छला खुर्चीतून उठली.

गुलमंडीच्या त्या छापखान्यात लग्नपत्रिका करायला आम्ही चौघं गेलो होतो. वच्छला, तिची लग्न ठरलेली लेक मोनिका, दीर बद्रीनाथ आणि मी रत्नमाला, गारखेड्यातली त्यांची शेजारीण. माझी पिठाची गिरणी आहे. गिरणीवर ओरडून ओरडून माझा आवाज मोठा झालाय, तोंड तर त्याहून मोठं. म्हणून वच्छला मला सगळीकडं सोबत नेते.

“कै.,” बद्रीनाथ म्हणाला.

“थांबा जरा. म्या पाणी पिऊन येते.” पाण्याची बाटली तिच्या हातातच होती.

ती बाहेर गेली, आत आली, पत्रिकांचे नमुने चाळले, परत दारात जाऊन उभी राहिली. भिंतीवरच्या टीव्हीत लाटा दाखवत होते. सव्वीस डिसेंबर ना! दर वर्षी दाखवतात, दोन हजार चारची त्सुनामी. बद्रीनाथला सुट्टी मिळाली म्हणून आजचा दिवस धरला. तारखेचं भान कुणालाच राहिलं नाही. मलाही नाही, आग लागो माझ्या डोक्याला.

वच्छलाचा नवरा बन्सी यात्रेच्या बसवर आचारी होता. कन्याकुमारीला सकाळी यात्रेकरूंच्या चहासाठी दूध आणायला गेला आणि समुद्र आत आला. बस परतली, यात्रेकरू परतले, बन्सीची पातेलीसुद्धा परतली. बन्सी नाही आला. प्रेतही सापडलं नाही. मोनिका तेव्हा नुकती चालायला लागली होती.

तेव्हापासून वच्छला वाट बघते. वसतिगृहाच्या मेसमध्ये पोळ्या लाटते, अनोळखी नंबरावरून फोन आला की पिठाच्या हातानं उचलते. छत गळतं तरी खोली बदलत नाही, ते आले तर सापडायचं कसं? टीव्हीवर लाटा लागल्या की पडद्याला नाक लावून पळणाऱ्या माणसांत नवरा शोधते. कुंकू लावते. बाया मागून बोलतात. बोलणाऱ्या दोघींना मी दळण तसंच परत देऊन गिरणीवरून हाकललंय!

“वयनी,” बद्रीनाथ म्हणाला, “सत्यमच्या घरचे वैजापूरचे पाव्हणे साफ बोलले. बाप हाये का नाय, येक काय ते लिवा. उद्या मांडवात लोक मलाच इचारतील, कन्यादान तुमी कामून करता?”

“मंग म्या माझ्या हातानं मारू का तुमच्या भावाला?”

“मला काय हौस हाये का वयनी? माझा थोरला भाऊ व्हता त्यो.” रुमाल काढून त्यानं उगाच चष्मा पुसला.

मला राहवलं नाही. “श्री. लिहा हो तुम्ही! काय आभाळ कोसळतंय?”

“मावशी, तू गप बस,” मोनिका म्हणाली.

ही पोरगी मला कधी उलट बोललेली नव्हती.

“आई, शाळेत विचारायचे, वडील काय करतात. मी सांगायची, गावाला गेलेत. कॉलेजात तेच. सत्यमला पण पहिल्यांदा तेच सांगितलं. मला लाज वाटती गं आता. त्यांच्यासाठी मी एकदा बी रडले नाय. डोळ्यात पाणी आलं की तू म्हणायची, अशुभ करू नको. मला रडू दे ना आई. मेलेला का व्हयना, मला बाप दे.”

वच्छला दारातून आत आली. लेकीपुढं येऊन उभी राहिली. मला वाटलं, आता हिच्या थोबाडीत मारते. पण ती खुर्चीत बसली, पदर सारखा केला आणि छापखानेवाल्याला म्हणाली, “कै. लिवा.”

परतताना रिक्षात तिनं हळूच विचारलं, “रत्नमाला, मंग आज सुतक लागलं का गं?”



घरी आले आणि गिरणीला कुलूप लावलं. गिऱ्हाईक ओरडलं, ओरडू दे. तव्यावर भाकरी टाकल्या, पिठलं हाटलं. मयताच्या घरी त्या दिवशी चूल पेटत नाही, शेजारपाजारचे पिठलं-भाकरी नेतात. बन्सी गेला तेव्हा मी ताट नेलं होतं, तर वच्छलानं माझ्या तोंडावर दार लावलं होतं. म्हणाली होती, “माझ्या घरी कोण मेलंय?” आज पुन्हा तसंच झालं तर, अशी धास्ती मनात धरूनच मी तिच्या दारात गेले.

दार उघडंच होतं. गॅस पेटवलेला नव्हता. मोनिका भिंतीला टेकून हमसून हमसून रडत होती आणि वच्छला तिच्या पाठीवरून हात फिरवत होती.

मी ताट खाली ठेवलं. वच्छलानं वरचा रुमाल बाजूला केला. भाकरीचा तुकडा मोडला, पिठल्यात बुडवला आणि लेकीच्या तोंडापुढं धरला.

“खा बाई,” ती म्हणाली. “तुझ्या बापाचं हाये.”