पाहुण्यांसाठी नीट केलेला रस्ता

माझी लेक शेवंता सातवी पास झाली आणि माझ्या जिवाला घोर लागला. हायस्कूल हुलसूरला, तीन कोसांवर. मधली वाट काळ्या मातीची, बैलगाडीसुद्धा रुतायची. तिथं सरकारी मोटार कुठून येणार? मोटार नाही तर पोरीची शाळा नाही, हे घरात सगळ्यांना कळून चुकलं होतं.

तेवढ्यात बेंगळूरच्या विधानसभेत विधेयक आलं. मोटारींवरच्या करातला हिस्सा खेड्यांच्या रस्त्यांना द्यायचा. कुठले रस्ते वाईट आहेत ते बघायला आमदारांची समिती आमच्याकडं यायची होती.

आता आमच्या गावाची खोड ऐका. गावात वऱ्हाड यायचं असलं की घरटी एक माणूस फावडं घेऊन वाट नीट करतो. इथं तर आमदार येणार! पाटील जगदेवप्पांनी दवंडी पिटवली आणि आम्ही दोन दिवस खपून सगळे खड्डे मुरमानं भरले. सगळ्यात मोठा मीच भरला. इतके आम्ही शहाणे.

समितीची जीप कशी अलगद आली. अध्यक्षांनी चहा घेताना रस्त्याची तारीफ केली आणि वाईट रस्त्यांच्या यादीतून गावाचं नाव काढायला सांगितलं. जगदेवप्पांचा चहा बशीतच राहिला. खरं सांगावं तर पाहुण्यांपुढं गावाची शोभा, म्हणून सगळे गप्प. मीही गप्प, आणि मला माझीच चीड आली.

शेवंता मात्र पुढं झाली. तिनं कन्नडात सांगून टाकलं की रस्ता तुमच्यासाठी परवाच केलाय, महिनाभरसुद्धा टिकायचा नाही. अध्यक्ष पोट धरून हसले. पण डोळ्यांनी बघितलं तेवढंच मी लिहितो, म्हणाले.

मी उठून फावडं उचललं.

"कामून उठलास, ग्यानबा?" जगदेवप्पांनी विचारलं.

"पाहुण्यांना आपला खरा रस्ता दावतो, अप्पा."

अप्पांनी चहाची बशी खाली ठेवली. मग धोतर खोचून तेही आले आणि मागोमाग अख्खं गाव आलं. दोन दिवसांचं काम आम्ही तासाभरात उपसून टाकलं. माझा खड्डा तर मी आधीपेक्षा चांगला हातभर खोल केला.

जीप परत निघाली. पहिल्याच खड्ड्यात अध्यक्षांची टोपी उडाली, तरी ते मांडीवरच्या कागदावर लिहीतच होते. शेवंता हसत हसत जीपमागं हुलसूरच्या वाटेनं धावत सुटली. मी तिला परत बोलावलं नाही.