वाहन क्रमांक

"गाडी कुठं हाय तुमची?" जंगलाच्या फाटकावरच्या धनसिंगने विचारलं.

"गेली," मी म्हणालो. "उमरखेडला परत."

त्याने पावतीवरचा वाहन क्रमांक वाचला, माझ्याकडे पाहिलं, पुन्हा वाचला. "काकाजी, हा नंबर तं यष्टीचा दिसून राह्यला."

"मग? ज्या गाडीनं आलो तिचाच नंबर देईन ना, का दुसऱ्याचा देऊ?"

तो हसला. हसण्यासारखं काय होतं? मी वनखात्यात चौतीस वर्षं कारकुनी केली. रकाना कोरा ठेवायचा नसतो, एवढं मला पक्कं ठाऊक. आदल्या दिवशी डेपोत जाऊन बसचा नंबर उतरवून आणला होता. संगणकाने अर्ज घेतला, पैसे घेतले, पावती दिली. काम संपलं!

"पायी आत जाता येत नाही, काकाजी. नियम हाय."

नियम मला शिकवतो! तो मीच टाइप केलेला. अर्जात वाहन क्रमांकाचा रकाना घालायचं डोकंही माझंच. साहेबांच्या पाहुण्यांचे शेकडो पास मी केले, स्वतः एकदाही आत गेलो नाही. त्या टोपीवाल्यांत कोण जाणार? बायकोला, कुंदाला, मात्र दर उन्हाळ्यात सांगायचो, पुढच्या वर्षी जाऊ. आता काचबिंदूने तिचा उजवा डोळा गेला होता आणि डावा जायच्या वाटेवर होता. डॉक्टर म्हणाले, काय पाहायचं ते पाहून घ्या. तिने काशी मागितली नाही, लेकाचं पुणं मागितलं नाही. म्हणाली, "तुमचं जंगल दाखवा मले."

ती कडुनिंबाच्या सावलीत उभी होती. बसच्या फाट्यापासून तीन किलोमीटर चालून तिचा चेहरा लाल झाला होता.

समोर जिपांची रांग लागलेली. वाघाला दिसू नये म्हणून मातकट कपडे, आणि अत्तराचा वास मात्र पार रस्त्यापर्यंत. एकाच्या गळ्यात दुधी भोपळ्याएवढा कॅमेरा होता. अशांना घराजवळचा कावळा ओळखू येत नाही. हे सगळं मी कुंदाला सांगत होतो, त्यांनाही ऐकू जाईल अशा आवाजात.

शेवटच्या जिपेतून एक मुलगी वाकली. "आजी, आमच्याकडे एक जागा रिकामी आहे. येता?"

"आम्ही कोणाच्या उपकारावर फिरत नाही," मी म्हणालो.

"तुम्ही काहून बोलता?" कुंदा म्हणाली. "तिनं मले विचारलं."

तिने धनसिंगला आधार कार्ड दाखवलं. त्याने पेनाने तिचं नाव यादीत चढवलं. पदर खोचून ती जिपेत चढली आणि तिने मागे वळूनही पाहिलं नाही.

तीन तास मी फाटकाशी बसून होतो. धनसिंगने चहा आणून दिला. पाणचट होता, तसं मी त्याला सांगितलंही. समोर फलक होता : पायी प्रवेशास सक्त मनाई. साहेबांच्या मसुद्यात नुसती मनाई होती. सक्त मी घातलं.

जिपा परतल्या. वाघ दिसला नाही म्हणून टोपीवाले मयताला जाऊन आल्यासारखी तोंडं करून उतरले. कुंदाच्या केसांवर धूळ बसली होती.

"काही दिसलं का?"

"पळस दिसला. असा फुललाय! एक रोही पाणी पिऊन राह्यली होती. पोरीनं मले डाव्या बाजूनं बसवलं, सगळं दिसलं."

"रोही काय, नीलगायच ती, आपल्या तुरीतही येते."

तिने पदराने केस झटकले. मग म्हणाली, "आत लय शांत होतं. बरं झालं तुम्ही नव्हते. तुम्ही असते तं बोलूनच राह्यले असते."

ती रागाने बोलली नाही, त्यामुळे मला फार लागलं. आम्ही फाट्यापर्यंत चालत आलो.

बस आली. नेहमीप्रमाणे मी पुढे चढलो आणि खिडकीची जागा धरली, डाव्या बाजूची. येतानाही खिडकीशी मीच होतो. मग उठलो.

"तू बस."

अंधार पडायला अर्धा तास होता. बाहेर कपाशीच्या पऱ्हाट्या उपटलेली शेतं होती, आणि एका चौकात कुणाच्या तरी वाढदिवसाचा दुमजली बॅनर. त्यावर बोलण्यासारखं पुष्कळ होतं. कुंदा काचेला कपाळ लावून पाहत होती. उमरखेड येईपर्यंत मी तोंड उघडलं नाही.