काठावरचे काका

निवडणूक तोंडावर आली होती आणि अख्ख्या मतदारसंघात मत न ठरलेला एकच माणूस शिल्लक होता. निदान विद्यापीठाच्या राजकीय संवाद मानसशास्त्र विभागाचं तरी तसं ठाम म्हणणं होतं. बाकीच्यांनी धडाधड मतं ठरवून शास्त्राचं वाटोळं केलं होतं. उरले हे काका, आणि त्यांच्या जिवावर विभागातल्या एका संशोधक मुलीची पीएचडी. काठावरच्या मतदाराचं मन शेवटी कशानं वळतं, हा तिचा विषय. काका मतदानाच्या दिवसापर्यंत काठावर राहिले आणि मग तिच्या डोळ्यांदेखत वळले, तर पदवी. आधीच वळले, तर इतक्या वर्षांची मेहनत पाण्यात.

म्हणून विभाग काकांना तळहातावरच्या फोडासारखं जपत होता. दर मंगळवारी ते तिसऱ्या मजल्यावरच्या खोलीत येत. कुठल्याही पक्षाचा रंग नजरेला पडू नये म्हणून तिथले पडदे, उशा, पेनांची टोपणं, सगळं राखाडी. एकदा कोणीतरी टेबलावर केळी ठेवली, तर विभागप्रमुख सरांनी ती स्वतः खाऊन पुरावा नष्ट केला. काकांच्या कपाळाला तारा लावायच्या, दोन्ही पक्षांची भाषणं दाखवायची आणि शेवटी तिनं विचारायचं, "काका, ठरलं का?"

काका डोळे मिटून चांगला दम घेत. "अजून नाही, बाई. पण या बाजूचंही ऐकण्यासारखं आहे हं."

सहा शिकाऊ संशोधक माना डोलवत लिहून घेत. तिचा जीव भांड्यात पडे. मग बिस्किटांची बशी पुढे सरकत असे, तीही दोन्हीकडून सारखी भरलेली.

त्या मंगळवारी मात्र काकांच्या सोबत काकू येऊन थडकल्या. काकांना खाली बाकावर बसवून त्या तरातरा वर आल्या.

"आमचा माणूस होता तसा परत करा," त्या म्हणाल्या.

"काय झालं, काकू?"

"काल विचारलं, कोबी करू की बटाटा? खरं तर विचारलंही नव्हतं, तोंडातून निघून गेलं. तर म्हणतात, दोन्ही बाजू मांड. मांडल्या मी. तर म्हणतात, कोबीची भूमिका पटते, पण बटाट्याचा अनुभव दांडगा आहे."

"मग?"

"मग काय, उपाशी झोपलो. लग्न झाल्यापासून मी वाढायचं आणि यांनी जेवायचं. कधी तक्रार नाही, काही नाही. आता हे काय मेलं नवीन?"

सर हर्षानं उभेच राहिले. "म्हणजे अनिश्चितता घरातही टिकून आहे! फार छान. काकूंना इथेच बसवा, त्यांचा प्रभाव नको. काकांना तू घेऊन ये." सरांना उंटावरून शेळ्या हाकायची जुनी सवय.

ती खाली गेली. काकूंचं ते वाढायचं आणि जेवायचं तिच्या डोक्यातून जात नव्हतं.

काकांनी सगळा जन्म एका मोठ्या दुकानात लिफ्ट चालवली होती. विभागाच्या लिफ्टमध्ये शिरताच ते सवयीनं बटणांशी उभे राहिले. "कितवा?"

"तिसरा. काका, एक विचारू? प्रश्नावलीतलं नाही. तुमचं खरंच ठरलं नाहीये?"

लिफ्टचं दार मिटलं. काकांनी छताकडे नजर टाकली. "इथे तारा नाहीत ना?"

"नाहीत."

"ठरलंय. तुम्ही पहिल्यांदा आमच्या दारात आलात, त्याच्याही आधी."

"आणि इतके महिने ताकास तूर लागू दिली नाहीत?"

"दिली असती, तर आभार मानून शेजारच्या घरी गेला असतात." काका बटणांकडे बघत बोलत होते. "जन्मभर मी लोकांना विचारलं, कितवा? मला कोण विचारणार? घरी काकू ठरवते, आणि चांगलंच ठरवते, नाही म्हणत नाही. पण तुम्ही इतकी शिकलेली माणसं, एका म्हाताऱ्याचं मन वळवायला धडपडता. सोडवेल का, तूच सांग."

तिला राग आला आणि त्याहून जास्त वाईट वाटलं. इतके मंगळवार तिनं यांना विचारलं होतं आणि दर वेळी मनातल्या मनात, नाही म्हणा काका, नाही म्हणा, असाच धावा केला होता. उत्तर तिलाही नकोच होतं.

तिसऱ्या मजल्यावर दार उघडलं. समोर सर, हातात तारांचा गुंता. "काय मग, काठावरच ना?"

तिनं तोंड उघडलं. काका बुटांकडे बघू लागले. "आलेच, सर," ती कशीबशी म्हणाली आणि दार मिटलं.

"सांगणार त्यांना?" काकांनी हळूच विचारलं.

"अजून ठरलं नाही."

काकांचा चेहरा एकदम उजळला. त्यांनी घसा खाकरला आणि थेट तिच्याच सुरात विचारलं, "ठरवताना नेमकी कोणती अडचण जाणवते? घाई नाही, सावकाश सांगा."

ती बोलू लागली. वाया जाणारी वर्षं, खोटी पदवी, पुढचा मंगळवार, गावभर सांगून बसलेली आई. हे तिलाही आजवर कोणी विचारलं नव्हतं. काका मान डोलवत ऐकत राहिले.

"या बाजूचंही ऐकण्यासारखं आहे," ते म्हणाले. मग कितवा असं न विचारताच त्यांनी सगळ्यात वरचं बटण दाबलं.