दुर्बिणीसाठी पट्टा

प्रफुल खोब्रागडेला काही विकत घ्यायचं असलं की ते धानोऱ्यात सगळ्यांना आधी कळायचं. कुकर घ्यायचा होता तेव्हा त्यानं ओळखीच्या घरांत जाऊन शिट्ट्या ऐकल्या होत्या. पंख्याच्या वेळी दुकानदारानं शेवटी हात जोडले होते. त्याची बायको रश्मी चिडवायची, "कुकरले एवढा इचार, आन् मले पाहाले आले तं चहा थंड व्हायच्या आत हो म्हणून मोकळे झाले!"

"तिथी दुसरा पर्यायच नोहता," प्रफुल गंभीरपणे म्हणायचा.

हे कौतुक समजावं की तक्रार, ते रश्मीला अजून ठरवता आलं नव्हतं.

प्रफुल शाळेत विज्ञान शिकवायचा. रश्मी वनरक्षक होती. छत्तीसगडाकडून हत्तींचा कळप जिल्ह्यात यायला लागल्यापासून तिचं कामच बदललं होतं. दिवस मावळायच्या आत कळप कुठं आहे ते शोधायचं, कोणत्या गावाकडं तोंड आहे ते पाहायचं आणि गावकऱ्यांना सावध करायचं. त्यासाठी तिला दुर्बीण मिळाली होती आणि एक थर्मल. हे थर्मल म्हणजे टॉर्चएवढं यंत्र. एका डोळ्याला लावलं की अंधारातही अंगाची ऊब पांढरी दिसायची. दोन्ही वस्तू गळ्यात अडकवून ती हिंडायची आणि चालताना त्या एकमेकींवर टकटक आपटत राहायच्या.

एकदा संध्याकाळी बांबूच्या बेटाजवळ कळपातला सुळेवाला अचानक वळला. रश्मी आणि तिच्यासोबतचा वनमजूर लालसू उलट पावली सरकायला लागले, तेवढ्यात गळ्यातला दुर्बिणीचा पट्टा तुटक्या बांबूत अडकला आणि रश्मी मागच्या मागं खेचली गेली. हत्तीनं कान फडफडवले, सोंड वर करून वास घेतला आणि तो निघून गेला. लालसूनं पट्टा सोडवला. घरी आल्यावर रश्मीनं एवढंच सांगितलं, "पट्टा खराब झाला."

लालसू मात्र दोन दिवसांनी चहाला आला आणि बशीत चहा ओतता ओतता म्हणाला, "सर, त्या दिवशी मॅडमले फाशीच बसली होती जी. मी म्हटलं, आता सरकार नवीन गार्ड धाडते का काय!"

रश्मीनं टेबलाखालून त्याच्या पायावर पाय दिला, पण उशीर झाला होता. प्रफुलनं तो खराब झालेला पट्टा मागून घेतला आणि उलटसुलट करून पाहिला. दुसऱ्या दिवशी सकाळी तो मोबाइल घेऊन तिच्यासमोर उभा राहिला.

"छातीवर बांधायचा पट्टा येते. हार्नेस म्हणते त्याले. गळ्यात काईच नाई. वजन खांद्यावर आन् पाठीवर."

"मंग मागवा ना."

"असं कसं मागवा? पाहा लागन."

आणि पाहणं सुरू झालं. शाळेतून आला की तो पलंगावर मांडी घालून व्हिडिओ लावायचा. कुठल्या कुठल्या देशांतले दाढीवाले शिकारी बर्फात उभे राहून छातीवरचं झाकण उघडून दाखवायचे. रश्मी भाजी चिरता चिरता विचारायची, "काय म्हणते तुमचे मामा?"

"झाकणाले वेल्क्रो नको म्हणते. उघडलं की चर्रर्र आवाज येते. हत्तीले ऐकू जाईन."

"हत्तीले तुमचा मोबाइलई ऐकू जाईन. आवाज कमी करा."

मग एक अडचण निघाली. ती रश्मीला कशी सांगावी ते प्रफुलला कळेना. दोन दिवस तो अस्वस्थ होता. शेवटी भिंतीकडं बघत म्हणाला, "हे सगळे पट्टे गड्यांच्या मापाचे हायेत."

"म्हणजे?"

"म्हणजे... समोरून सपाट हायेत."

रश्मी इतकी हसली की तिला विळी बाजूला ठेवावी लागली. "एवढं सांगाले दोन दिवस? शाळेत पुनरुत्पादनाचा धडा कसा शिकवता जी तुमी?"

"तो पुस्तकात हाय," प्रफुल म्हणाला.

अखेर त्यानं दोन हार्नेस मागवले. एक ठेवायचा, एक परत करायचा. पहिला खोक्यासारखा होता. मध्ये दुर्बिणीचा मोठा कप्पा, बाजूला थर्मलचा, खाली पाण्याची बाटली अडकवायची सोय, आणि पाठीवर चार बकलं. झाकणाला चुंबक होतं, ते आवाज न करता मिटायचं. दुसरा साधा. दोन रुंद लवचीक पट्टे, दुर्बीण छातीशी धरून ठेवणारे, आणि कडेला थर्मलपुरती एक पिशवी.

"हा दुसरा बरा," रश्मी लगेच म्हणाली.

"घातल्याबिगर?"

"पाहून समजते."

"असं पाहून समजत नसते, रश्मी. याची परीक्षा घ्या लागन."

परीक्षा त्यानं स्वतःच घेतली. अंगणात खोकं बांधून, त्यात वजनासाठी पाण्याच्या बाटल्या घालून तो हापशापर्यंत पळत गेला आणि पळत आला. पाण्याला आलेल्या बाया कळशा खाली ठेवून बघत राहिल्या. एकीनं रश्मीला काळजीनं विचारलं, "सरले डाक्टरनं सांगतलं का?"

पण अंगण म्हणजे जंगल नव्हे, असं प्रफुलचं म्हणणं पडलं. खरी दुर्बीण, खरं थर्मल आणि खरे बांध पाहिजेत. परत करायची मुदत संपत आली होती. रश्मीनं नाही म्हणून पाहिलं, मग कंटाळून हो म्हटलं. त्या दिवशी कळप डोंगराच्या पलीकडं, नाल्याच्या वरच्या अंगाला असल्याची खबर होती. ज्या गावात तिला जायचं होतं तिथून तो बराच लांब होता.

"गावाच्या कडेले उभं राह्याचं," तिनं बजावलं. "एक पाऊल समोर नाई."

"हाव."

संध्याकाळी लालसूसह तिघं गावाच्या कडेला पोचले तेव्हा धान पिकून पिवळं पडलं होतं आणि शेतांवर धुराचा पातळ पदर पसरला होता. प्रफुलच्या छातीवर खोकं होतं. दुर्बीण आणि थर्मल दोन्ही त्यात नीट बसवलेली. पडू नये म्हणून थर्मल त्यानं एका जाड गोफानं हार्नेसला बांधलं होतं आणि गाठीवर गाठ मारली होती.

लालसूनं वाकून खोक्यात डोकावल्यासारखं केलं. "सर, झोपलं का लेकरू?"

"हसा," प्रफुल म्हणाला. "पण पाहा, आवाज नाई येत." आणि त्यानं झाकण तीनदा उघडून मिटून दाखवलं.

तेवढ्यात गावातून बुधरीबाई पदर खोचत धावत आली. तिच्या नवऱ्याचं, डोमाचं, शेत गावापासून हाकेच्या अंतरावर होतं आणि तिथंच त्याची झोपडी.

"गार्डबाई, आमच्या बांधीपलीकडं झाडं मोडून राह्यली जी! कडाकडा आवाज येते. आन् बुढा झोपडीत हाय. धान राखाले, जागलीले गेला."

"फोन लावला?"

"फोन घरी इसरला. आन् दुपारीच मोहाची दारू पिऊन गेला. उठते थोडाच!"

रश्मीचा चेहरा बदलला. कळप डोंगर उतरून या बाजूला आला होता. खबर सकाळची होती आणि हत्ती काही खबरीसाठी थांबत नाहीत. तिनं हात पुढं केला. "थर्मल द्या."

प्रफुलनं थर्मल काढलं. ते वीतभर आलं आणि गोफाला अडलं. तो गाठ सोडवायला लागला. गाठी पक्क्या होत्या, सुटेनात.

"राहू द्या," रश्मी म्हणाली आणि तशीच त्याच्या छातीशी वाकून थर्मल डोळ्याला लावलं. "डावीकडं वळा. अजून. थोडं खाली बसा. श्वास रोखा जी, सगळं हालून राह्यलं!"

प्रफुल श्वास रोखून अर्धवट बसला. बायकोचं डोकं त्याच्या हनुवटीला टेकलेलं आणि समोर लालसू तोंडावर हात धरून उभा. पण लालसूचं हसणंही लगेच विरलं, कारण रश्मी हळू आवाजात बोलायला लागली होती. "मोहाच्या झाडाखाली चार. त्याच्या मागं अजून. पिल्लू हाय मंधात. सुळेवाला नाई दिसत... झोपडी. हाव, खाली काईतरी पांढरं हाय. आडवं. डोमाभाऊच."

लालसूनं चिमूटभर माती उडवली. वारा हत्तींकडून इकडं येत होता, म्हणजे माणसांचा वास त्यांना लागणार नव्हता. झोपडीपर्यंत जाऊन येण्याइतकं अंतर मध्ये होतं, पण रेंगाळण्याइतकं नव्हतं. रश्मीनं बुधरीबाईला गावातल्यांना आत थांबवायला पाठवलं आणि प्रफुलकडं वळली. "ते काढा आंगातलं."

प्रफुलनं पाठीमागं हात नेला. चार बकलं. दोन हाताला लागली, दोन लागली नाहीत. रश्मीनं एक ओढून पाहिलं, ते आणखीच आवळलं.

"आता तुमीई चला," ती म्हणाली. "थर्मल तुमच्यासंगं बांधलं हाय तं काय करता. माझ्या मागं राहा. बोलू नका."

तिघं बांधावरून निघाले. पुढं लालसू, मग रश्मी, मग प्रफुल. दहा पावलांतच प्रफुलला त्या हार्नेसचा खरा दोष कळला. खोकं इतकं पुढं आलेलं होतं की स्वतःचे पाय दिसत नव्हते. बांध जेमतेम वीतभर रुंद. त्याचा एक पाय चिखलात गेला, मग दुसरा. चपला तिथंच राहिल्या. एकदा तो गुडघ्यावर पडला, पण तोंडातून आवाज निघू दिला नाही. रश्मीनं मागं हात केला आणि त्याचं मनगट धरलं. तिचा हात कोरडा आणि घट्ट होता. त्याला उगाच वाटलं, ही तीच बाई आहे का, जी सकाळी पोळपाट सापडत नाही म्हणून ओरडत होती?

मधेच ती थांबली आणि पुन्हा त्याच्या छातीशी वाकली. या वेळी तिला काही सांगावं लागलं नाही. प्रफुल आपणहून वळला, वाकला आणि श्वास रोखून राहिला.

"तिथीच हायेत. चला."

झोपडीत डोमा घोंगडी पांघरून घोरत होता. उशाला वाळल्या मोहफुलांचं गाठोडं. लालसूनं त्याच्या तोंडावर हात ठेवून त्याला हलवलं. डोमानं डोळे उघडले आणि समोर शाळेचे सर छातीवर खोकं बांधून, चिखलानं माखून, अनवाणी उभे असलेले पाहिले.

"सर?" तो लालसूच्या बोटांमधून पुटपुटला. "आमचा नातू आज शाळेत नाई आला काय?"

"उठ भाऊ, हत्ती हायेत," रश्मी त्याच्या कानाशी म्हणाली.

डोमाची उतरायची राहिलेली तिथंच उतरली. पण उठता उठता त्यानं गाठोड्याला हात घातला. रश्मीनं तो हात धरून बाजूला केला. "मोहाच्या वासानं गावापर्यंत येतीन ते. राहू दे."

परतीची वाट येण्यापेक्षा लांब वाटली. मागं फांदी मोडल्याचा आवाज झाला, मग पोटातून आल्यासारखी एक खोल घुरघुर. कुणी मागं पाहिलं नाही. गावाच्या पहिल्या भिंतीपाशी पोचल्यावर रश्मीनं थर्मल पुन्हा डोळ्याला लावलं आणि काही क्षणांनी ते प्रफुलच्या डोळ्याकडं वळवलं. "पाहा."

त्यानं पाहिलं. काळ्या शेतात मोठमोठे पांढरे आकार हळूहळू सरकत होते. एक झोपडीजवळ गेला, सोंडेनं छपराचा वासा उचलला आणि बाजूला ठेवला. दुसऱ्याच्या पायांमध्ये एक छोटा पांढरा आकार होता, मोठ्यांच्या पोटाखालून इकडून तिकडं पळणारा. प्रफुल किती तरी वेळ बघत राहिला. त्याच्या छातीतली धडधड थर्मलपर्यंत पोचत होती, म्हणून चित्र सारखं हलत होतं.

"तू हे दररोज करते?"

"दररोज नाई," रश्मी म्हणाली. "कधीमधी."

"मले सांगत नाई."

"सांगतलं असतं तं तुमी माझ्यासाठी दुसरी नोकरी शोधत बसले असते. आन् ते शोधाले तुमाले वीस वर्षं लागली असती."

प्रफुलला हसू आलं. ते मधेच थांबलं आणि त्यानं तोंड फिरवलं. रश्मीनं ते पाहिलं. ती त्याच्या मागं गेली, एकेक बकल शांतपणे सोडवलं आणि खोकं उतरवून लालसूच्या हातात दिलं. मग ती मोबाइल काढून पुढच्या गावांना खबर द्यायला लागली.

तिकडं बुधरीबाई आणि डोमाची जुंपली होती. झोपडी गेली यापेक्षा नवरा फोन विसरून गेला याचा तिला जास्त राग होता. हत्ती रात्रभर शेतात राहिले आणि पहाटे नाला ओलांडून गेले.

खोकं परत गेलं. त्याला चिखल कसा लागला याचं कारण लिहायला प्रफुलनं बराच वेळ घेतला. साधा हार्नेस रश्मीनं दुसऱ्याच दिवशी अंगात चढवला, पट्टे आपल्या मापाला ओढून घेतले, थर्मल पिशवीत टाकलं आणि पायांकडं बघत पायऱ्या उतरून गेली. प्रफुलनं एकही प्रश्न विचारला नाही. फक्त ती फाटकाबाहेर जाईपर्यंत दारात उभा राहिला.

आठवड्याभरानं रश्मी आणि लालसू बाजारात चहाला थांबले तेव्हा डोमा तिथं दहा-बारा जणांना गोळा करून गोष्ट सांगत होता. हत्ती झोपडीच्या दारात उभा, सोंड आत, आणि खोब्रागडे सर एकटे, अनवाणी, छातीले काईतरी मशीन बांधून त्याच्यासमोर! मशीन दाखवलं आन् हत्ती मागं सरकला जी.

"सर एकटे?" लालसूनं विचारलं.

"एकटेच!" डोमा म्हणाला. मग त्याला रश्मी दिसली. तो जरा थबकला आणि मोठ्या मनानं म्हणाला, "गार्डबाईई होती. पण मागं."

प्रफुलनं ही गोष्ट दुरुस्त करायचा फार प्रयत्न केला. शाळेत सांगितलं, चहाच्या टपरीवर सांगितलं, डोमाच्या घरी जाऊन सांगितलं की मी तर नुसता उभा होतो, पुढं रश्मी होती. डोमानं सगळं नीट ऐकून घेतलं आणि तो गेल्यावर बुधरीबाईला म्हणाला, "पाह्यलं? एवढं केलं, पण माणूस किती लाजते!"

बुधरीबाईनं मात्र त्या हंगामात त्याला जागलीला जाऊ दिलं नाही. रश्मीच्या पुढ्यात तिनं नव्या तांदळाची पायली आणून ठेवली आणि कुणी काही विचारायच्या आत ती निघून गेली.