डोंगराने दिलेली शेवटची ओ

मित्रांनो, मी एक जुनी पुंगी आहे, टर्की नावाच्या मोठ्या रानपक्ष्याच्या पंखातल्या हाडांची. तीन हाडं एकात एक बसवून मला केलं आहे. गारुड्याच्या पुंगीसारखी मी फुंकायची नसते. माझं टोक ओठांत धरून श्वास आत ओढायचा असतो, मग माझ्यातून टर्कीच्या मादीचा आवाज निघतो. वसंतात तो ऐकून रानातला नर ओ देतो आणि ओ देत देत बंदुकीसमोर येतो. माझं काम एवढंच. ते चांगलं की वाईट, हे मला कधी कोणी विचारलं नाही.

वेस्ट व्हर्जिनियाच्या डोंगरात राहणाऱ्या डेंझिल स्टंपने मला घडवलं. तो कोळशाच्या खाणीत कामाला होता आणि त्याचं नुकतंच लग्न झालं होतं. पानगळीत त्याने एक मादी मारून आणली. त्याच्या बायकोने, विल्डाने, ती रांधली. जेवणं झाल्यावर तिनेच पंखांची हाडं उकळली आणि विणायच्या सुईने आतला मगज काढला. डेंझिलने पाइनच्या डिंकाने सांधे जुळवले, मला ओठाला लावलं आणि श्वास ओढला.

"कोंबडीच्या शेपटीवर पाय पडला वाटतं कुणाचा," विल्डा चुलीपाशी उभी राहून म्हणाली.

पण थोड्याच दिवसांत त्याचा हात बसला. त्याच्यासारखी हाक त्या खोऱ्यात कोणाला जमत नसे. रविवारी प्रार्थना आटोपली की लोक चर्चच्या पायऱ्यांवर त्याला घेरत आणि म्हणत, "डेंझिल, जरा बोलव रे." मग तो मला खिशातून काढी. समोरच्या रानातून खरोखर ओ आली की सगळे गालात हसत. माझी छाती अभिमानाने फुगत असे.

"माझ्याशी इतक्या लाडाने कधी बोलला असतास," विल्डा त्याला टोमणा मारी, "तर मीही झाडाआडून धावत आले असते."

"तू आलीसच की गं. न बोलावता."

मित्रांनो, ते दिवस गेले. माझं आणि डेंझिलचं, दोघांचं आयुष्य श्वासावर चालायचं, आणि त्याचा श्वास खाणीतच राहिला. कोळशाची धूळ छातीत बसली, ती काही केल्या निघेना. त्याच्या नाकाला नळी लागली आणि शेजारी प्राणवायूचा सिलिंडर आला. मी टेबलाच्या खणात गेले. जुन्या बॅटऱ्या, तुटलेली किल्ली, औषधांचे रिकामे डबे, यांच्या सोबतीत पडून राहिले. तिकडे खाणवाल्यांनी कोळशासाठी समोरच्या डोंगराचा माथाच कापून नेला. ओकची झाडं गेली, त्यांच्याबरोबर टर्कीही गेले. घरामागच्या कड्यावर तेवढं रान उरलं होतं, आणि त्या रानात एकच म्हातारा नर.

त्या वसंतात तो रोज पहाटे ओरडायचा. कड्यावरून त्याचा घोगरा, गडगडता आवाज खाली यायचा आणि खणातल्या मलाही ऐकू यायचा. त्याला मादी उत्तर देत नव्हती. रानात मादी उरलीच नव्हती. तो ऊन चढेपर्यंत ओरडायचा आणि मग गप्प व्हायचा.

शिकारीच्या हंगामाच्या शेवटच्या सकाळी डेंझिलने खण उघडला.

"मी वर जाणार आहे," तो म्हणाला.

"डॉक्टरने जिना चढू नको म्हणून सांगितलंय," विल्डा म्हणाली, "आणि तू कडा चढायला निघालास."

"पुढच्या हंगामाला मी नसणार, विल्डा. तुलाही ठाऊक आहे."

विल्डाने कॉफीचा पेला धुऊन पालथा घातला. मग बूट घातले, सिलिंडर पाठीवरच्या पिशवीत टाकला आणि बंदूक खांद्याला अडकवली. "चल," ती म्हणाली. "पडलास तर तिथेच सोडून येईन."

चार पावलं चालावं आणि थांबावं, असं करत ते चढले. डेंझिलचे ओठ निळे पडले होते. वर एका जुन्या ओकला पाठ टेकून दोघं बसली. विल्डाने बंदूक त्याच्या गुडघ्यावर ठेवली. डेंझिलने मला ओठाला लावलं आणि श्वास ओढला. माझ्यातून नुसती फुसफुस निघाली. त्याने पुन्हा ओढलं आणि त्याला असा खोकला आला की विल्डाने त्याची पाठ घट्ट धरून ठेवली. मित्रांनो, त्याच्या छातीत माझ्यापुरतीही हवा उरलेली नव्हती.

त्याने मला तिच्या हातात दिलं. "तू ओढ."

"मला कुठे येतं?"

"येतं. मुका घेतल्यासारखं ओढायचं."

"ते तरी आता कुठे आठवतंय," विल्डा म्हणाली आणि तिने मला ओठाला लावलं.

पहिला आवाज वेडावाकडा निघाला. पण इतकी वर्षं तिने स्वयंपाकघरातून माझी हाक ऐकली होती. तिसऱ्या खेपेला ती नेमकी लागली, हळू, थोडी खरखरीत, एखाद्या वयस्कर मादीची असावी तशी.

कड्याच्या पलीकडून लगेच ओ आली.

तो चालत नाही, पळतच आला. आमच्यासमोर आल्यावर त्याने शेपटीचा पंखा फुलवला, पंख जमिनीला घासले आणि तांबडं-निळं डोकं उंच करून तो इकडेतिकडे मादीला शोधू लागला. विल्डाने त्याला इतक्या जवळून कधी पाहिलं नव्हतं. तिने मला ओठांपासून खाली घेतलं. काहीतरी बोलायला तिचं तोंड उघडलं होतं, तेवढ्यात बंदूक वाजली.

पंखांची फडफड थांबली तेव्हा डेंझिल झाडाला डोकं टेकून हसत होता. असं हसताना मी त्याला खूप दिवसांत पाहिलं नव्हतं.

"आता पुन्हा ओढ," तो म्हणाला.

"आता कशाला?"

"दुसरा कोणी असला तर ओ देईल. ओढ तर खरी."

विल्डाने ओढलं. दोघं कान देऊन बसली. तिने पुन्हा ओढलं, जोरात, कापलेल्या डोंगरापर्यंत जाईल असं. खाली दूरवर एक ट्रक घाट चढत होता. बाकी काही नाही. डेंझिलचं हसू हळूहळू मावळलं.

"मला वाटलं होतं, एखादा तरी असेल," तो म्हणाला.

"हा एकटाच आहे हे तुला माहीत होतं. मग मारलास कशाला?"

"रोज हाका मारत होता बिचारा. कोणी उत्तर देत नव्हतं. मला ऐकवत नव्हतं."

विल्डाने त्या पक्ष्याकडे पाहिलं.

"मी ऐकत होते," ती म्हणाली. "तू गेल्यावर मला पहाटे ऐकायला तेवढाच उरणार होता. आणि आज मीच त्याला बोलावलं."

डेंझिलने तिचा हात शोधला. तिने तो धरू दिला, पण त्याच्याकडे पाहिलं नाही.

तिने आधी डेंझिलला खाली नेलं आणि मग पक्षी आणायला एकटीच परत वर गेली. मांस चिवट होतं. मक्याच्या भाकरीशी डेंझिलने दोन घास खाल्ले आणि ताट सारलं. खोऱ्यातले लोक म्हणाले, काय शिकार साधली म्हाताऱ्याने. पानं गळायच्या आधी डेंझिलला चर्चमागे पुरलं.

मित्रांनो, आम्ही जुन्या वस्तू शेवटी एकच विनवणी करतो, की आम्हाला जपा. माझी तशी तक्रार नाही. विल्डा मला मऊ फडक्याने पुसते, सांध्यांना मेण लावते आणि खिडकीत उन्हाला ठेवते. माझा आवाज अजून तसाच शाबूत आहे. पहाटे ती मला हातात घेऊन मागच्या दारात उभी राहते, कड्याकडे बघते, आणि न वाजवताच आत आणून ठेवते. म्हणून तुम्हाला सांगते, हाक मारणारी पुंगी जपली नाहीत तरी चालेल. ओ देणारा जपा.