पंख्याला हुकूम

धैर्यशीलची टॅक्सी महाबळेश्वरचा घाट चढताना दसऱ्यापासून लय तापायला लागली होती. कोरेगावच्या गॅरेजात इमामचाचांनी बघताक्षणी निकाल दिला, "इंजन उतरवाय लागतंय."

त्यांची पुतणी साबेरा मात्र हातात मावणारा स्कॅनर गाडीला जोडत होती.

"त्या खेळण्यानं काय व्हतंय?" चाचा फणकारले.

"आवं, बघा तरी आदी." इंजन बंद ठेवूनच तिनं स्कॅनरवरून रेडिएटरच्या पंख्याला फिरायचा हुकूम सोडला. मोटर घुमली, पण पातं जागचं हललं नाही.

"मोटर जिती हाय. पंख्यालाच कायतरी अडकलंय." बॅटरीची तार सोडवून साबेरानं खाली हात घातला आणि पंख्याच्या मुळाशी करकचून गुंडाळलेला दोरा ओढून काढला. त्याला झेंडूची वाळकी फुलं होती.

धैर्यशीलनं मान खाली घातली. "खंडेनवमीला इंजनाला हार मीच घातलावता."

तार जोडून तिनं पुन्हा स्कॅनरचं बटण दाबलं. पंखा असा भिरभिरला, की उरल्यासुरल्या पाकळ्या वाकून बघणाऱ्या चाचांच्या दाढीत जाऊन बसल्या. चाचांनी त्या झाडल्या नाहीत. त्यांनी हात पुढं केला.

"आण ते खेळणं हिकडं. आता मी दाबून बघतो."